बिनसुकटीचं तबक

थानबिनच्या बाजारात दॉ प्वा शिनच्या हातची कोशिंबीर खाल्ली नाही असा माणूस शोधून सापडणार नाही, आणि तिच्याकडून एकदा तरी फसला नाही असाही सापडणार नाही. बाई कशात काय कालवील याचा नेम नसे. तुम्ही आपली साधी टोमॅटोची मागावी, तर ती म्हणणार, "टोमॅटो काय, रोजचाच मेला. आज वायवर्ण्याच्या मुरवलेल्या कळ्या आहेत. खाऊन तर बघा." खाल्ल्या तर एखादे वेळी वा, आणि एखादे वेळी संध्याकाळपर्यंत तोंड वाकडं. एकदा तिनं विड्याची कोवळी पानं चिरून घातली होती. त्या दिवशी अर्धा बाजार बधिर जिभेनं भाव करत होता. तरीही दुसऱ्या दिवशी तीच माणसं तिच्या बुटक्या बाकड्यांवर येऊन टेकली, कारण आज काय निघतंय हे कळल्याशिवाय त्यांना चैन पडेना.

तिचा हात मात्र पाहण्यासारखा होता. भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, दाण्याचा कूट, तळलेल्या कांद्याचं तेल, चिंचेचं पाणी, सुकटीचा चुरा, हे सगळं ती न बघता चिमटीत घेई आणि पाच बोटांनी असं कालवी की भाजी चिरडत नसे आणि कोरडीही राहत नसे. चमच्यानं कालवणाऱ्या बायकांकडे ती ज्या नजरेनं बघे, त्या नजरेनं आपण दुधात पाणी घालणाऱ्याकडे बघतो.

शेजारच्या पाटीवर न्वे यी बसायची. तिच्याकडं तीनच कोशिंबिरी मिळत, आल्याची, टोमॅटोची आणि थंड पिठल्याच्या वड्यांची, आणि त्या तिच्या आजीच्या वेळेपासून तशाच होत्या. तिची जीभ म्हणजे विळी. "प्वा शिन, उद्या काय कालवणारेस? बसायची चटई?" ती विचारायची. "कोवळी असली तर तीसुद्धा," प्वा शिन म्हणायची. "जे गुरं खाऊन जगतात, ते माणसाला कालवून खाता येतं. फक्त त्यात काय कमी आहे ते ओळखता आलं पाहिजे."

हे वाक्य तिनं हौसेनं शिकलेलं नव्हतं. आई गेली तेव्हा ती नुकती मोठी झाली होती. पाठीवर दोन भाऊ होते, बा थॉ आणि सान मिन. बाप ताडावर चढून रस काढायचा आणि गूळ करायचा. त्याच साली पाऊस पाठ फिरवून गेला. भुईमूग जमिनीतच करपला, बाजारात कोबी नाही, टोमॅटो नाही. चार मुठी भातात चार पोटं भरायची म्हणजे भाताला काहीतरी जोड हवी. मग पोरगी चिंचेचा पाला ओरबाडून आणी, कडुलिंबाचा मोहोर झाडी, कलिंगडाच्या पाठी किसून घेई, ताडाचे कोंब उकरी. सगळं एका ताटात, आणि ताटाच्या दोन बाजूंना दोन भाऊ. धाकटा सान मिन पहिल्या घासालाच "थू" करायचा. थोरला बा थॉ काही न बोलता खायचा आणि धाकट्यानं टाकलेलंही संपवायचा. "याला तोंड आहे आणि त्याला पोट आहे," बाप म्हणायचा. पुढंही दोघांचं तसंच राहिलं. सान मिनच्या तोंडाला फाटक नव्हतं, आणि बा थॉच्या पोटातलं बाहेर काढायला पहार लागली असती.

प्वा शिनला स्थळं आली होती. बरी आली होती. "या दोघांना मार्गाला लावते, मग बघू," ती म्हणाली. दोघं मार्गाला लागेपर्यंत बघायला कोणी उरलं नव्हतं. त्याचं तिला फार दुःख झालं असं दिसलं नाही. दोन भाऊ, दोन भावजया, दोन घरं, आणि मधे आपली पाटी. तिला ते पुरेसं वाटत होतं.

मग बैल मेला.

बा थॉचा श्वे नी नावाचा तांबडा बैल होता. त्याला तो स्वतःच्या आधी पाणी पाजायचा. पॅगोड्याच्या जत्रेत गाड्यांच्या शर्यती लागल्या तेव्हा सान मिननं तो न विचारता सोडला आणि आपल्या गाडीला जुंपला. वळणावर गाडी कलंडली, बैलाचा पाय मोडला आणि चार दिवस तडफडून तो गेला. सान मिन माफी मागायला गेला असता तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण लाज वाटली की याची जीभ जास्त चालते. तो म्हणाला, "बैलच होता, माणूस नव्हता." बा थॉनं दुसऱ्या दिवशी बाभळीच्या काट्या तोडल्या आणि आपल्या शेतातून सान मिनच्या शेताकडं जाणारी वाट बंद केली. त्या दिवसापासून त्यानं मांसमच्छी सोडली, आणि भावाशी बोलणंही.

सान मिन ओढ्यातून वळसा घालून शेतात जाऊ लागला. पावसाळ्यात ओढा भरला की त्याचं शेत पोरकं व्हायचं. अशी किती वर्षं गेली हे मोजायला गावानं सोडून दिलं. प्वा शिन सकाळी एकाकडं जेवायची, संध्याकाळी दुसऱ्याकडं. दोन्हीकडं तिचं पान मानानं वाढलेलं असायचं आणि दोन्हीकडं ती पटापट जेवून उठायची, कारण इकडं तिकडचं नाव काढायचं नाही आणि तिकडं इकडचं. "दोघं एका चटईवर बसलेले बघायचेत मला," ती म्हणायची. मरायच्या आधी, असं ती म्हणायची नाही. मरायची तिला घाई नव्हती. भाऊ एकत्र बसायची मात्र होती.

शेवटी तिनं ऊ पो ल्हा यांचा पिच्छा पुरवला. ऊ पो ल्हा म्हणजे गावातलं सगळ्यात पिकलं पान, तंटे मिटवणारा माणूस. त्यांच्या तोंडातली विडी विझलेली असली तरी ते ती ओढत राहत. त्यांच्या निवाड्याला कागद लागत नसे, लागे तो लफे. लफे म्हणजे डोंगराकडून येणारा मुरवलेला चहाचा पाला. तो तळलेला लसूण, वाल, डाळ, दाणे, तीळ आणि सुकट घालून कालवायचा, लाखेच्या तबकात ठेवायचा, आणि दोन्ही पक्षांनी एकाच तबकातून खायचा. खाल्ला की निवाडा मान्य. तबक रिकामं झालं की तो विषय पुन्हा काढायचा नाही. शिळं उकरणाऱ्याला थानबिनमध्ये "खाल्लेलं ओकतोय" म्हणतात, आणि त्याच्या घरच्या कार्याला कोणी जात नाही. आणि गावात असं एकही तबक नव्हतं जे प्वा शिनच्या हातानं कालवलेलं नव्हतं.

वर्षावास सुरू झाला, भंते विहारात बसले, त्याच आठवड्यात धर्मशाळेत निवाडा बसला. ऊ पो ल्हा म्हणाले, "बा थॉ, तू वाट उघडायचीस. सान मिन, तू दर वर्षी पहिल्या पावसाला तुझ्या बैलांनी आधी दादाचं शेत नांगरायचंस, मग स्वतःचं. कबूल?" बा थॉनं मान हलवली. सान मिननंही हलवली, आणि मधे एक शब्द बोलला नाही, हे नवलच होतं.

प्वा शिननं तबक मधे ठेवलं. असा लफे तिनं जन्मात कालवला नव्हता. पाला धुऊन, पिळून त्याचा कडूपणा काढलेला, शेंगदाण्याचं तेल घाण्यावरून त्याच सकाळी आणलेलं, सुकट निवडून, भाजून, हातानं कुटलेली. थोरल्याचा मान पहिला. बा थॉनं चिमटीत घास उचलला, तोंडापाशी नेला आणि थांबला. वास घेतला. घास परत तबकात ठेवला आणि बोटं लुंगीला पुसली.

"बघितलंत?" सान मिन ताडकन उठला. "निवाडा गोड लागला याला, माझ्याबरोबर खाणं कडू लागतं. अहो, मी आलो होतो! मी बसलो होतो इथं!" आणि तो चपला न घालताच निघून गेला. बा थॉ चटईकडं बघत बसून राहिला. ऊ पो ल्हांनी किती विचारलं तरी त्यानं तोंड उघडलं नाही.

ते उघडलं त्याच्या बायकोनं, दुसऱ्या दिवशी, चुलीपाशी. "अक्का, यांनी वर्षावासाच्या पहिल्या दिवशी भंतेंच्या पुढं व्रत घेतलंय. आता मासळीचं पाणीसुद्धा नाही, ङापी नाही, सुकट नाही. जीव होता असं काहीच नाही. हयातभर. मलापण हे ताटातली ङापी बाजूला सारायला लागले तेव्हा कळलं."

प्वा शिनचा हात कपाळावर गेला. आमच्याकडं मांस सोडणारे पुष्कळ आहेत, पण आंबवलेल्या मासळीची ङापी आणि सुकट कोणी मांसात धरत नाही. ती मिठासारखी. इतकी वर्षं बा थॉही ती खात आला होता. तिनं सुकट घातली तेव्हा तिच्या मनातही आलं नव्हतं की आपण काही मांस घालतोय.

बा थॉ अंगणात दोर वळत होता. ती त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. "तोंड नव्हतं तुला सांगायला?"

"व्रत सांगत फिरायचं नसतं."

"आणि भाऊ घालवत फिरायचं असतं?"

तो दोर वळत राहिला.

"एक दिवस मोड. एक चिमूट सुकट. मी भंतेंना विचारून येते, काय प्रायश्चित्त असेल ते मी करीन."

"अक्का," तो म्हणाला, "श्वे नीसाठी घेतलंय ते."

तिला त्याचा राग आला होता आणि त्याच वेळी त्याच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटत होता. तिनं दोन्ही केलं नाही आणि तशीच सान मिनच्या घरी गेली.

सान मिन ऐकून हसला. चांगलं हसू नव्हतं ते. "व्रत! माझ्याबरोबर खायची वेळ आली आणि व्रत सुचलं. बरं, असेल व्रत. मग मी काय करू? बिनसुकटीचा लफे खाऊ? अक्का, तो लफे नाही, तो चारा आहे. माझी मानहानी झाली सगळ्यांसमोर. आता मला बोलवायचं असेल तर लफे खऱ्या लफेसारखा लागला पाहिजे. तसा लागला तर बसेन. नाहीतर तालुक्याच्या कोर्टात भेटू म्हणावं."

"सुकटीशिवाय, पण सुकटीसारखा?"

"तू म्हणतेस ना, काहीही कालवता येतं? मग कालव."

प्वा शिन ऊ पो ल्हांकडं गेली, तेव्हा त्यांनी विझलेली विडी तोंडात फिरवली. परत आलेलं तबक एकदाच पुन्हा मांडता येतं, ते म्हणाले, आणि तेही वर्षावास संपायच्या दिव्यांच्या पौर्णिमेच्या आत. त्यानंतर निवाडा मोडला. मग वकील, तारखा, आणि ती वाट कायमची बंद. "पण तू एवढी कशाला डोकं फोडतेस, पोरी? खणांचा डबा आण. पाला एका खणात, सुकट एका खणात, दाणे एका खणात. ज्याला जे हवं ते तो उचलील. काम झालं."

"पाहुण्यांना ठीक आहे ते, काका," प्वा शिन म्हणाली. "यानं आपल्या खणातलं खायचं, त्यानं आपल्या खणातलं. तसे तर ते इतकी वर्षं खातच आहेत."

ऊ पो ल्हांनी विडी काढून हातात घेतली. "मग तुझं तू बघ," ते म्हणाले.

तिथून प्वा शिननं जो उद्योग मांडला, त्यानं बाजाराची भरपूर करमणूक झाली. सगळ्यात आधी कुळीथ. आमच्याकडं कुळथाचं कळण चुलीवर आटवत आटवत काळं, डांबरासारखं घट्ट करतात. तिनं ते लफेत घातलं आणि पहिली वाटी न्वे यीपुढं ठेवली. न्वे यीची जीभ वाईट होती, पण खोटी नव्हती. म्हणून तर तिला चाखायला द्यायचं.

"चहा कुठं गेला?" न्वे यीनं विचारलं.

"आहे की."

"कुळथानं खाल्ला मग."

तिळाची पेंड आंबवून घातली, तर न्वे यी म्हणाली, याला घाण्याच्या बैलाच्या तोंडचा वास येतोय. ताडाचे कोंब भाजून कुटले, तर नुसते दोरे निघाले. उन्हात वाळवलेला टोमॅटो विस्तवावर धरून घातला, तो बराच जमला, पण सगळा लफे लाल झाला आणि एक गिऱ्हाईक "हे काय, चटणी का?" असं विचारून गेलं. कडुलिंबाचा वाळवलेला मोहोर घातला तेव्हा न्वे यी घास गिळून तांब्याभर पाणी प्यायली. "हे शत्रूला दे," ती शेवटी म्हणाली. "निवाडा झाल्यावर दे. आधी देऊ नको."

लोक चेष्टा करत. "अक्का, आज निवाड्याची कोशिंबीर आहे का? मग आम्ही भात घरीच जेवून येतो." प्वा शिन ऐकून घेई आणि कालवत राही. तिला हसण्याचा राग येत नव्हता, पौर्णिमा जवळ येत होती त्याची धास्ती होती. रोज संध्याकाळी ती बा थॉच्या शेताच्या कडेनं जाई आणि त्या बाभळीच्या काट्यांकडं बघे. पावसानं त्यांना पालवी फुटली होती. अजून एक वर्ष गेलं तर ती झाडंच होतील, असं तिच्या मनात येई, आणि ती दुसऱ्या दिवशी नवीन काहीतरी घेऊन बाजारात बसे.

पावसाच्या मध्यावर वारुळांवर अळंबी उगवली. गावभर अळंबीची आमटी झाली. प्वा शिननं मात्र आपली सगळी चुलीवर टांगून धुरावर वाळवली आणि कुटली. चव घेतली. बोट तोंडातच राहिलं. सुकट नव्हती ती, पण सुकटीच्या गावची होती. मग डोंगराकडून पाला आणणाऱ्या व्यापाऱ्यानं आंबवलेल्या सोयाबीनच्या सुकवलेल्या चकत्या दिल्या. त्या तिनं निखाऱ्यावर भाजल्या, तर शेजारच्या पाटीवरून न्वे यी ओरडली, "कोण मेलं गं तुझ्याकडं?" म्हणजे वास जवळपास बरोबर होता. सुकट दाताखाली कुरकुरते, त्यासाठी भाजलेल्या कलिंगडाच्या बिया. आणि तळाला गोडी यावी म्हणून ते काळं कुळीथ, पण नखाएवढंच.

न्वे यीनं हे खाल्लं. परत खाल्लं. "लफे नाही," ती म्हणाली.

"नाही?"

"नाही. पण वाईट नाही." मग इकडंतिकडं बघून तिनं आवाज खाली आणला. "एक सांगू? चिमूटभर सुकट घाल. पिठासारखी वस्त्रगाळ कर आणि घाल. इतक्या वासांत त्याला काय कळतंय? सान मिन खूश, बा थॉ खूश, तू खूश."

प्वा शिननं तिच्याकडं बघितलं. खरं सांगायचं तर तिच्याही मनात हे येऊन गेलं होतं, एकदा नाही, कितीदा तरी. सुकटीची बरणी हाताच्या अंतरावर होती. "त्यानं बैलासाठी सोडलीय ती," ती म्हणाली. "मी त्याला फसवून खाऊ घातली, तर ते दोघं एका चटईवर बसतील आणि मी त्यावरून उठलेली असेन." आणि तिनं बरणी पाटीखाली, पोत्याच्या मागं सारली.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी धर्मशाळा भरली होती. मुलं दिव्यांना वाती लावत होती, म्हाताऱ्या पान चघळत होत्या, आणि ज्यांचा या भांडणाशी काडीचा संबंध नव्हता तेही येऊन दाराशी उभे होते. बा थॉ वेळेआधी येऊन बसला होता. सान मिन उशिरा आला, आत शिरला, चटईच्या अगदी टोकाला टेकला, म्हणजे अर्धा चटईवर आणि अर्धा जमिनीवर.

प्वा शिननं तबक मधे ठेवलं आणि झाकण काढायच्या आधीच म्हणाली, "आधी ऐका. यात सुकट नाही, मासळीचं पाणी नाही, ङापी नाही. अळंबी आहे, डोंगरातलं आंबवलेलं सोयाबीन आहे, कलिंगडाच्या बिया आहेत आणि कुळीथ आहे. जे आहे ते सगळं सांगितलं. आता खा."

बा थॉनं घास उचलला. या वेळी वास घेतला नाही. तोंडात घातला, चावला, गिळला. त्याच्या चेहऱ्यावर काही दिसलं नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर कधीच काही दिसत नसे.

सगळे सान मिनकडं बघू लागले. त्यानं घास घेतला. चावला. चावत राहिला. प्वा शिनला त्याच्या जबड्याखेरीज काही दिसेना. अख्ख्या पावसाळ्यात तिनं जे जे कुटलं, भाजलं, वाळवलं ते सगळं त्या एका घासात होतं, आणि तो घास हा माणूस लहानपणी ताटाजवळ बसून तोंडात घोळवायचा तसाच घोळवत होता. आता थू करणार, तिला वाटलं.

त्यानं गिळलं. "अक्का," तो म्हणाला, "हे काही चांगलं झालेलं नाही."

प्वा शिनच्या कानांत गरम वाफ गेली. इतकी वर्षं तिच्या कोशिंबिरीला लोक वेडी म्हणाले होते, कडू म्हणाले होते, पण सगळ्या गावादेखत चांगली नाही असं म्हणायची कोणाची छाती झाली नव्हती. आणि म्हणावं ते यानं. आणि आज. ऊ पो ल्हांनी विडी तोंडातून काढली. प्वा शिन काहीतरी बोलायला गेली, पण त्याआधीच दुसरं कोणीतरी बोललं.

"चांगलं नाहीच," बा थॉ म्हणाला. तबकाकडं बघत म्हणाला, पण उत्तर सान मिनला होतं, हे लहान पोरालाही कळलं. "बिया कशाला घातल्यात कोण जाणे. दातात अडकतात."

सान मिननं मान वर केली. त्याला आधी वाटलं असावं की आपल्याला भास झाला. मग तो सवयीनं बोलून गेला. "बिया ठीक आहेत. ते काळं बिघडवतंय सगळं."

"काळं कुळथाचं आहे. तेच एक बरं आहे."

"बरं? जिभेला चिकटतंय ते."

"तुझ्या जिभेला काहीतरी चिकटायला हवंच होतं," बा थॉ म्हणाला.

दाराशी कोणीतरी फसकन हसलं आणि लगेच गप्प झालं. सान मिनचे कान लाल झाले. तो उठून जाईल असं पुष्कळांना वाटलं. पण मागं माणसं दाटली होती, उठायला आधी त्याला पूर्ण चटईवर सरकावं लागलं, आणि सरकला तो तिथंच बसला. त्यानं दुसरा घास उचलला. "आणि अळंबी?" तो म्हणाला. "अळंबी आमटीत घालतात. वाळवून कुटते कोण?"

"अळंबी जमलीय," बा थॉनं तिसरा घास घेतला.

"कुठं जमलीय? धुरकट लागतेय."

"धुरावर वाळवली तर धुरकटच लागणार."

असं करत करत ते दोघं त्या तबकाच्या दोन बाजूंनी खाऊ लागले. लसूण जास्त तळला की कमी, तीळ काळे हवे होते की पांढरे, सोयाबीनचा वास मेल्या उंदराचा की ओल्या चपलेचा, यावर त्यांचं एकमत होईना. आणि प्रत्येक वेळी एकजण खाऊन बघायचा, दुसऱ्याला म्हणायचा, "हे घे, हे खाऊन सांग," आणि दुसरा खाऊन सांगायचा. बैलाचं नाव कोणी काढलं नाही. फक्त एकदा, तबकाच्या तळाशी आल्यावर, सान मिन बोटं चाटत, खाली बघत पुटपुटला, "नांगरायला मी येईन. पहिल्या पावसाला." बा थॉ म्हणाला, "काट्या मी उद्याच काढतो." आणि लगेच दोघं उरलेल्या वालांवरून पुन्हा भांडायला लागले.

प्वा शिन खांबाला टेकून उभी होती. तिला भयंकर राग आला होता. इतका की दोघांच्या डोक्यावर ते तबक मारावं. आणि तिला तितकाच आनंदही झाला होता. ती रडत होती. डोळे पुसायची तिला आठवणच राहिली नाही, आणि न्वे यीनं आपल्या रुमालाचं टोक तिच्या हातात दिलं तेव्हा तिनं त्यानं आधी हात पुसले.

तबकात काही उरलं नाही. ऊ पो ल्हांनी ते वाकडं करून बघितलं, गावाला दाखवलं आणि म्हणाले, "संपलं." मग विझलेली विडी पेटवायला काड्यापेटी शोधू लागले.

प्वा शिन पुढं आली, तबक उचललं आणि नाक ओढून म्हणाली, "पुन्हा कधी करणार नाही मी हे तुमच्यासाठी."

"नकोच," दोघंही एकदम म्हणाले.